ऐन तिशीत पॅरालिसिसचा झटका : ‘का आला?’ याचा शोध कसा घ्यायचा

माझ्या धाकट्या बहिणीला तेहेतिसाव्या वर्षी झटका आला. उजवा हात गळून पडला, जीभ जड झाली. बीपी नाही, शुगर नाही, मिश्री-तंबाखू नाही. पहिल्या हॉस्पिटलमधून सोडताना डिस्चार्ज कार्डावर निदान म्हणून ‘स्ट्रोक’ आणि कारणाच्या रकान्यात ‘तपास सुरू’ असं लिहून मिळालं. तो तपास पुढं नऊ महिने सुरू राहिला. शेवटी निघाला मोयामोया. मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्या कवटीच्या आत हळूहळू बंद होत जाण्याचा हा आजार. नाव आम्ही त्याआधी ऐकलंसुद्धा नव्हतं.

मी डॉक्टर नाही, साखर कारखान्यात हिशेब खात्यात आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर खर्च पडला होता आणि व्हाउचर सापडत नव्हतं. नऊ महिन्यांतले किमान पाच महिने आम्ही आमच्याच चुकांनी घालवले, म्हणून हे लिहितोय. आजार ओळखायचं काम डॉक्टरांचंच. पण डॉक्टरांपुढं काय घेऊन जायचं, काय विचारायचं आणि कुठं अडायचं नाही, हे आपल्या हातात असतं.

०. झटका आत्ताच आला असेल तर पुढचं वाचू नका

तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं, यातलं काहीही दिसलं की १०८ लावा आणि जिथं चोवीस तास सिटीस्कॅन होतो तिथं जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं. मोठी नळी बंद असेल तर तारेनं गुठळी ओढून काढतात. ते सहा तासांपर्यंत आणि निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंतही करता येतं. त्यामुळं ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ ही वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

घरात अॅस्पिरिन असेल तरी आपल्या मनानं देऊ नका. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. आणि कबुतराचं रक्त चोळायला सांगणारा एक तरी नातेवाईक येतोच. त्याला चहा पाजून वाटेला लावा.

१. फाईल बांधा

पेशंट घरी आला की पहिलं काम हे. आमची फाईल म्हणजे एक मेडिकलची पिशवी होती, तिच्यात बिलं, रिपोर्ट आणि अर्धी वापरलेली गोळ्यांची पाकिटं एकत्र. पुण्यातल्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंसमोर मी ती टेबलावर उलटी केली, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “तारखेप्रमाणं लावून आणा, मी पुढचा पेशंट बघते.” हिशेबनीस माणसाला यापेक्षा मोठी लाज नाही.

फाईलमध्ये हवं ते असं :

- प्रत्येक भरतीचं डिस्चार्ज कार्ड, मूळ प्रत
- स्कॅनच्या सीडी किंवा पेनड्राइव्ह. नुसती फिल्म किंवा रिपोर्टचा कागद पुरत नाही
- रक्ताचे सगळे रिपोर्ट, त्यावर रक्त कोणत्या तारखेला घेतलं ते दिसेल असे
- इको (हृदयाची सोनोग्राफी), ईसीजी, होल्टर (दिवसभर ठोके नोंदणारं यंत्र) यांचे कागद
- चालू आणि बंद केलेल्या गोळ्यांची यादी, कधीपासून कधीपर्यंत
- स्पायनल फ्लुइड (कमरेतून काढतात ते पाणी) काढलं असेल तर त्याचा रिपोर्ट
- आधार, रेशनकार्ड आणि विमा असेल तर त्याचं कार्ड

सापळा सीडीचा. सेंटरवाले मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि दिलेली सीडी कधी कधी कोरीच निघते. तिथल्याच काउंटरवर उघडून बघा, मगच निघा. फिल्म खिडकीत धरून मोबाईलवर काढलेला फोटो व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवून ‘काय वाटतं डॉक्टर?’ विचारणं म्हणजे वेळ घालवणं. आम्ही ते चार जणांना विचारलं आणि चार उत्तरं मिळाली.

२. झटक्याच्या आधीची हकिकत लिहून काढा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. मशीनला जे दिसत नाही ते इथं सापडतं.

झटक्याच्या सात-आठ महिने आधी भाच्याचा पाचवा वाढदिवस होता. पंप मोडला म्हणून बहीण तोंडानं फुगे फुगवत बसली होती. बारा-पंधरा फुगे झाल्यावर तिच्या हातातला दोरा गळून पडला. “दादा, बोटांत जीवच नाही बघ,” म्हणाली आणि हसली. दहा मिनिटांत बोटं पूर्ववत. आम्ही तिला लिंबूसरबत दिलं आणि केक कापला. ही गोष्ट आम्ही तीन डॉक्टरांना सांगितलीच नाही. कुणी विचारलं नाही, आणि सांगण्यासारखी आहे असं आम्हालाही वाटलं नाही. चौथ्या डॉक्टरांनी, म्हणजे त्या पुण्याच्या बाईंनी, विचारलं : “गरम चहा फुंकताना, जोरात रडताना, धावल्यावर किंवा फुगे फुगवताना कधी हात-पाय बधिर झाले होते?” बहिणीनं माझ्याकडं बघितलं, मी मेहुण्यांकडं.

कारण असं, की जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूतल्या नळ्या आकसतात. नळ्या चांगल्या असतील तर काही जाणवत नाही. मोयामोयात आधीच पुरवठा तुटपुंजा असतो, तिथं तेवढ्यानं हात बधिर होतो. लहान मुलांत हे जास्त दिसतं. रडून रडून मूल एका बाजूनं लुळं पडतं आणि घरचे म्हणतात, हट्टीपणा करतंय.

खालचे प्रश्न घरात बसून, आई-वडिलांना आणि सासूबाईंनाही विचारून लिहा :

- काही मिनिटांत बरा झालेला बधिरपणा, बोबडेपणा, एका डोळ्यापुढं आलेला पडदा, कधी आणि काय करताना
- अर्धशिशी आहे का, आणि त्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी रेघा किंवा चमक येते का
- आयुष्यातली सगळ्यात भयानक, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी कधी झाली का
- मानेला धक्का, हिसका, मसाज. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घेतली का
- पाळी पुढं ढकलायच्या किंवा कुटुंबनियोजनाच्या गोळ्या
- गर्भपात किती झाले, बाळंतपण कधी झालं, पायात गुठळी झाली होती का
- तोंडात वरचेवर फोड, सांधेदुखी, अंगावर चट्टे, बरेच दिवस बारीक ताप
- लहानपणापासून ताप आला किंवा ऊन लागलं की तळहात-तळपाय जळणं, घाम न येणं
- घरात साठीच्या आत कुणाला लकवा, कुणाला लवकर विसरभोळेपणा, बहिरेपणा, किडनीचा आजार

यातले दोन मुद्दे लोक लपवतात किंवा विसरतात. गणपतीत, पूजेला, लग्नात पाळी नको म्हणून घेतलेल्या गोळ्या बाईला ‘औषध’ वाटतच नाहीत. पण अशा गोळ्या, उपवास आणि पाणी कमी पिणं एकत्र आलं की मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. तो आजार वेगळा आणि त्याचा स्कॅनही वेगळा. दुसरा मुद्दा सलूनचा. मान मोडताना मानेतल्या नळीचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि झटका काही दिवसांनीही येतो, त्यामुळं दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही.

३. दुर्मिळच्या मागं लागण्याआधी नेहमीचं संपवा

मला गूगलची सवय, त्यामुळं दुसऱ्या आठवड्यातच मी डॉक्टरांना तीन दुर्मिळ आजारांची नावं विचारली होती. ते शांतपणे म्हणाले, आधी हृदय बघू. बरोबर होतं त्यांचं.

आपल्याकडं तरुण माणसाच्या झटक्यामागं लहानपणीच्या सांधेतापानं खराब झालेली हृदयाची झडप आजही सापडते. त्यासाठी इको. साध्या इकोत काही दिसलं नाही, तर सलाईनचे बुडबुडे सोडून हृदयाच्या पडद्यातलं छिद्र बघतात किंवा अन्ननलिकेतून इको करतात. ठोके अनियमित आहेत का हे बघायला होल्टर. मानेतल्या नळ्यांमधला रक्तप्रवाह बघायला डॉपलर.

मग जंतुसंसर्ग. टीबीचा मेनिंजायटीस (मेंदूच्या आवरणाची सूज) मेंदूच्या तळाशी असलेल्या नळ्यांना सुजवतो आणि झटका आणतो. ताप, वजन घटणं, बरेच दिवस डोकं दुखणं असेल तर कमरेतून पाणी काढायला नाही म्हणू नका. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो’ हे आमच्या आत्याचं मत होतं. तिच्या मताला मान देण्यात आमचा एक आठवडा गेला. एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासण्या सांगितल्या तर राग मानू नका, तरुण पेशंटला त्या सांगतातच.

विदर्भातले किंवा नंदुरबारकडचे असाल तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आधी बघून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या पट्ट्यात तो घराघरांत आहे, आणि सिकलसेलच्या मुलांमध्ये मेंदूच्या नळ्या अरुंद होऊन लहानपणीच झटका येतो. हिमोग्लोबिनची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही साधी तपासणी आहे. ती न करता मोयामोयाचं लेबल लागलं, तर नळ्यांवर इलाज होईल आणि मूळ रक्ताचा आजार तसाच राहील.

४. मेंदूचा फोटो झाला, नळ्यांचा झाला का?

आमचे पाच महिने इथं गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साधा एमआरआय मेंदूचं मांस दाखवतो. कुठला भाग मेला, कुठं जुना डाग आहे, हे त्यात कळतं. नळ्या आतून कशा आहेत हे बघायला वेगळा स्कॅन लागतो, आणि तो डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिला तरच होतो :

- एमआर अँजिओग्राफी किंवा सिटी अँजिओग्राफी : रक्त नेणाऱ्या नळ्या. ‘डोकं आणि मान’ असं दोन्ही लिहिलेलं हवं. कॉन्ट्रास्टच्या (नळ्या उठून दिसायला देतात त्या औषधाच्या) सुईशिवाय केलेल्या एमआर अँजिओग्राफीत नळी कधी कधी आहे त्यापेक्षा जास्त अरुंद दिसते
- एमआर व्हेनोग्राफी : रक्त परत नेणाऱ्या शिरा. बाळंतिणीला, गोळ्या घेणाऱ्या बाईला, डोकेदुखीबरोबर फिट आलेल्या पेशंटला हा आधी
- फॅट-सॅच्युरेशनसह मानेचा एमआरआय : नळीचं अस्तर फाटून भिंतीत रक्त साठलंय का ते
- व्हेसल वॉल इमेजिंग : नळीची भिंत सुजलीय की नुसती आकसलीय. हा सगळीकडं होत नाही
- परफ्युजन किंवा स्पेक्ट : नळ्या अरुंद असल्या तरी मेंदूला रक्त किती पोचतंय. हा निदान झाल्यावर, ऑपरेशनचा विचार करताना
- डीएसए : तार घालून केलेली अँजिओग्राफी. याबद्दल पुढं

आमच्याकडं पहिला एमआरआय साधा झाला. रिपोर्टात डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना लहान जुने डाग लिहिले होते आणि शेवटी दोन-तीन आजारांची नावं प्रश्नचिन्हांसकट. एका ठिकाणी ती प्रश्नचिन्हं गळून पडली आणि मज्जातंतूंच्या आवरणाचा आजार म्हणून तिला तीन महिने स्टिरॉइड चालू राहिलं. चेहरा सुजला, झोप गेली, निदान जिथल्या तिथं. रिपोर्टातलं प्रश्नचिन्ह हा रेडिओलॉजिस्टनं विचारलेला प्रश्न असतो, आम्ही त्यालाच उत्तर धरून बसलो.

पुण्यात बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सीडी संगणकात घातली. माउसचं चाक हळूहळू फिरवत त्या मेंदूच्या तळाशी आल्या. “इथं दोन्हीकडं पेन्सिलीच्या टोकाएवढे ठळक काळे ठिपके दिसायला हवेत. वाहतं रक्त एमआरआयवर काळं दिसतं. तुमच्याकडं ते ठिपके सुतासारखे झालेत. आणि हे बघा,” त्यांनी मेंदूच्या मधल्या भागावर बोट ठेवलं, “इथं मोहरी सांडल्यासारखे बारीक ठिपके आहेत, ते इथं नकोत.” मोठी नळी बंद होत गेली तसे शरीरानं बारीक बारीक नळ्यांचे पर्यायी रस्ते काढले होते. अँजिओग्राफीत ते जाळं धुराच्या लोटासारखं दिसतं. ‘मोयामोया’ म्हणजे जपानीत असलंच धूसर, धुरकट काहीतरी. हा आजार जपानी डॉक्टरांनी १९५७ साली पहिल्यांदा नोंदला आणि नाव १९६९ मध्ये पडलं. तो पाच वर्षांच्या आसपास आणि चाळिशीच्या आसपास, अशा दोन वयांत जास्त दिसतो, बायकांत पुरुषांच्या साधारण दुप्पट.

म्हणून डॉक्टरांना नम्रपणे एवढंच विचारा : “सर, डोक्यातल्या आणि मानेतल्या नळ्यांची अँजिओग्राफी झालीय का? आणि सीडी तुम्ही स्वतः बघाल का?”

जाता जाता : एमआरआयच्या आधी मंगळसूत्र, बांगड्या, पिना, जोडवी, सगळं काढावं लागतं. बहिणीची जोडवी लग्नापासून काढलेली नव्हती. सेंटरच्या बेसिनवर साबण लावून ती निघेपर्यंत आमचा नंबर गेला. घरूनच काढून जा.

५. रक्ताच्या तपासण्या : वेळ चुकली की पैसे वाया

लॅबवाल्यांची ‘तरुण स्ट्रोक पॅकेज’ असतात, पंधरा-वीस तपासण्या एकगठ्ठा. सरसकट करू नका. डॉक्टरांनी हकिकत ऐकून सांगितलेल्याच करा, आणि हे तीन सापळे लक्षात ठेवा.

पहिला, अँटिफॉस्फोलिपिड. वारंवार गर्भपात आणि गुठळ्या यांच्याशी जोडलेला हा आजार. ल्युपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन अशा तीन तपासण्या मिळून तो ठरतो. एकदा पॉझिटिव्ह आली म्हणून आजार पक्का होत नाही, किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ल्युपसची तपासणी फसवू शकते, हे लॅबला सांगा. पण तपासणीसाठी म्हणून औषध आपल्या मनानं बंद करू नका, कधीच.

दुसरा, प्रोटीन सी, प्रोटीन एस. गुठळी होऊ न देणारी ही रक्तातली प्रथिनं. ताज्या झटक्यात, गरोदरपणात किंवा वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असताना ती खोटी कमी येऊ शकतात. आम्हाला ‘जन्मजात दोष’ असं घाबरवून झालं होतं. तीन महिन्यांनी सगळं नॉर्मल.

तिसरा, होमोसिस्टीन, हा रक्तातला एक घटक. नमुना बर्फात ठेवून लगेच वेगळा करावा लागतो. घरी येऊन रक्त घेऊन उन्हातून तासभर स्कूटरवर हिंडणाऱ्या मुलाकडं दिला, तर आकडा उगाच वाढलेला येतो. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असल्यानंही तो वाढतो. तेव्हा बी-१२ सोबत बघा आणि थोडा वाढला म्हणून कारण सापडलं असं समजून शोध थांबवू नका.

६. कुठल्या खुणेवरून कुठला संशय

ही यादी स्वतः निदान करायला नाही. यातली एखादी खूण तुमच्या घरात असेल तर ती डॉक्टरांना पहिल्या दोन मिनिटांत सांगायची, एवढ्यासाठी.

ताकायासू. तरुण बाई, एका हाताची नाडी क्षीण किंवा लागतच नाही, हात लवकर भरून येतो. १९०८ साली जपानी नेत्रतज्ज्ञ ताकायासू यांनी नोंदला तो हा आजार. मोठ्या धमन्यांना सूज येते. आपल्याकडं तो तितका विरळा नाही. याची पहिली तपासणी फुकट आहे : दोन्ही हातांचा बीपी मोजा. दोन हातांच्या वरच्या आकड्यांत दर वेळी १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर कागदावर लिहून न्या. मला आजवर दोन्ही हातांचा बीपी घेणारे डॉक्टर दोनच भेटले.

काडासिल. अर्धशिशी, मग चाळिशी-पन्नाशीत छोटे छोटे झटके, मग विसरभोळेपणा, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या. नॉच-३ या जनुकातला दोष. आई किंवा वडील, एकाकडून आला तरी पुरतो, म्हणजे प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. ‘आजोबा शेवटी भ्रमिष्ट झाले’, ‘काकांना पण असंच’, ही वाक्यं घरात असतील तर वंशावळ काढा. एमआरआयमध्ये कानशिलाच्या आतल्या भागात, दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे दिसतात.

फॅब्री. लहानपणापासून हातापायांची आग, घाम नाही, बेंबीखाली बारीक गडद लाल ठिपके, लघवीतून प्रोटीन जाणं. पुरुषांत रक्तातलं एन्झाइम मोजून कळतो. बायकांत एन्झाइम नॉर्मल येऊनही आजार असू शकतो, त्यांना जनुक तपासणीच करावी लागते. लवकर ओळखणं इथं खरंच महत्त्वाचं, कारण यावर औषध आहे, भयंकर महाग आहे पण आहे.

मेलास. ठेंगणी बांधणी, ऐकू कमी येणं, लहान वयात शुगर, फिट्स, आणि एमआरआयवरचा डाग कुठल्याच एका नळीच्या हद्दीत न बसणारा. आईकडून येतो. रक्तातलं लॅक्टेट वाढलेलं असतं.

विजेसारखी डोकेदुखी. क्षणात शिगेला जाणारी आणि काही दिवसांत पुन्हा पुन्हा येणारी. मेंदूच्या नळ्या तात्पुरत्या आकसल्यानं होऊ शकते, बाळंतपणानंतर किंवा काही औषधांनी. काही आठवड्यांनी नळ्या पूर्ववत होतात, म्हणून पुन्हा अँजिओग्राफी करतात. तिलाच नळ्यांची सूज समजून महिनोन्‌महिने स्टिरॉइड देणं टाळायचं असतं. पण अशी डोकेदुखी पहिल्यांदा आली तर ती रक्तस्रावाची असू शकते. तडक इमर्जन्सीत जा.

फक्त मेंदूच्या नळ्यांची सूज. हे निदान सगळ्यात शेवटी, बाकी सगळं नाकारून. कमरेतलं पाणी नॉर्मल असताना हे निदान सांगितलं, तर दुसरं मत घ्याच.

७. डीएसएचा दिवस

जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून रंग सोडतात आणि एक्स-रेवर नळ्यांचा चित्रपट दिसतो. संमतीपत्रावर ‘झटक्याचा धोका’ असं छापलेलं वाचून आमच्या आईनं सही करू दिली नाही. अनुभवी हातात कायमचं नुकसान होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी असतं. बाईंनी आईला बसवून ते समजावलं आणि न तपासता राहण्यातला धोकाही सांगितला. तेव्हा आई तयार झाली.

आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी लागते. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल, दमा किंवा आयोडीनची अॅलर्जी असेल, दिवस राहिले असतील तर आधीच सांगा. मोयामोयाचा संशय असताना पेशंटला सकाळपासून उपाशी-तहानलेलं ठेवून दुपारी चारला आत नेणं बरं नाही. पाणी कमी पडलं की पुरवठा आणखी घटतो. ‘नंबर कितीला लागेल आणि तोवर सलाईन चालू ठेवाल का?’ हे नर्सला विचारा. जांघेतून केलं तर नंतर काही तास पाय न वाकवता आडवं पडावं लागतं, स्ट्रॉ आणि बेडपॅनची तयारी ठेवा.

८. जनुक तपासणी

काडासिल, फॅब्रीसारख्या आजाराचा संशय असेल तर ही सांगतात. नमुना द्यायच्या आधी जेनेटिक समुपदेशकाला भेटा. रिपोर्टात ‘अर्थ निश्चित नसलेला बदल’ असं येऊ शकतं. त्याचा अर्थ आजार आहे असा होत नाही आणि नाही असाही होत नाही. आई-वडिलांचे नमुने लागतात, आणि त्यातून घरात कुणामुळं आलं यावरून भांडणं पेटतात. सासरची माणसं समोर असताना रिपोर्ट उघडू नका, एवढं सांगतो.

९. पैसे

महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरतीच्या आधी भेटा, कव्हर आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. बाहेरून केलेल्या ओपीडीच्या तपासण्या त्यात सहसा बसत नाहीत, म्हणून अँजिओग्राफी भरती असतानाच उरकता येते का ते विचारा. फॅब्रीसारखा आजार निघाला तर २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यातलं एक.

१०. निदान लागल्यावर लगेच

मोयामोयात नळी पुन्हा उघडत नाही. कानासमोर बोट ठेवलं की टाळूला जाणारी जी नस उडते, ती कवटीला खिडकी करून आतल्या नळीला जोडतात किंवा मेंदूवर पसरून ठेवतात. हे जिथं वरचेवर होतं तिथंच करा. वर्षाला किती करता, हे सर्जनला विचारायला लाजू नका, चांगले सर्जन आकडा सांगतात.

तोवरच्या गोळ्यांची यादी न्यूरॉलॉजिस्टपुढं पुन्हा ठेवा. झटका आला म्हणून बहिणीला ‘सेफ्टीसाठी’ बीपीची गोळी कुणीतरी चालू केली होती. तिचा बीपी मुळातच १००-११० चा. सकाळी उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि आम्ही अशक्तपणा समजून डाळिंब आणत होतो. बाईंनी ती बंद केली. अरुंद नळ्यांतून रक्त पुढं ढकलायला तेवढा दाब लागतोच.

बहिणीचे निर्जळी उपवास बंद झाले. भाच्याचं आणि माझं एकदा एमआर अँजिओ करून घेतलं, दोघांचं स्वच्छ निघालं.

आणि हे कार्ड बनवा, लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवा. अपघातात, बाळंतपणात किंवा दाताच्या डॉक्टरकडंसुद्धा ते लागतं. बहिणीच्या कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत असं लिहिलंय : आजाराचं नाव. ऑपरेशनची तारीख आणि बाजू. चालू गोळ्या. ‘बीपी खाली जाऊ देऊ नका. उपाशी ठेवायचं असेल तर सलाईन लावा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे कार्ड दाखवा. डोक्याला घट्ट पट्टी किंवा चष्म्याची काडी कानासमोर दाबेल असं काही बांधू नका, जोडलेली नस तिथून जाते.’ खाली दोन फोन नंबर, मेहुण्यांचा आणि माझा.